बाबांच्या नावाची भिंत

त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता, हे आधीच कबूल केलेलं बरं. लोकांना ते कळलं नाही. रविवारी भक्तीला मी सगळ्यांच्या आधी हजर असायची, गीताचा पहिला सूर माझाच असायचा, जेवणाआधी डोळेही मिटत होते. पण मनातून त्याच्याशी बोलणं बंद केलं होतं. तीन वर्षं एकच गोष्ट मागायची आणि तीन वर्षं त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, तर माणसानं किती वाट पाहायची? माझा स्वभाव मुळात तापट. शाळेत मुलांना एक प्रश्न मी दोनदा विचारायची, तिसऱ्यांदा छडीच उचलायची. देवावर छडी उचलता येत नाही, म्हणून गप्प बसले होते.

आमचं गाव अड्याळपासून दोन कोसांवर, एका बुटक्या डोंगराच्या पायथ्याशी. गावात ख्रिस्ती घरं चौदा, आणि तेवढीच आमची मंडळी. उतारावर आमचं कौलारू मंदिर, म्हणजे चर्च, त्याच्या एका अंगाला कबरस्तान, दुसऱ्या अंगाला विहीर आणि अंगणाच्या खाली बोडी. बोडी म्हणजे लहानसा तलाव. आमच्याकडच्या धानाचा जीव असल्या बोडीतच असतो. तिच्या खाली मंडळीतल्या लोकांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि त्यांच्याही खाली गावातल्या इतर शेतकऱ्यांच्या. मी मिशनच्या शाळेत शिकवत होते. लग्न केलं नाही. आई लवकर गेली, बाबांना एकटं टाकवलं नाही, आणि पुढे ते राहूनच गेलं. बाबा मंडळीचे पहिले पंच होते. जाताना त्यांनी घरादाराबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाले, मंदिराच्या दाराला कुलूप लागू देऊ नको.

आणि आता नेमकं तेच होऊ घातलं होतं. पाऊसपाणी बदललं होतं. म्हातारी माणसं सांगायची, पूर्वी आठ-आठ दिवस झड लागायची, पाणी हळूहळू मुरायचं, बोडी सावकाश भरायची. आता तीन-तीन आठवडे आभाळ कोरडं, आणि मग तासाभरात सगळा हिशेब उरकून मोकळं. डोंगरावरचं जंगल विरळ झालं होतं. मोठी झाडं ट्रकमध्ये गेली आणि उरलीसुरली आमच्याच चुलीत, त्यामुळे बोट दाखवायचं तर आधी स्वतःकडे दाखवावं लागलं असतं. तीन पावसाळे बोडी भरली नाही. विहिरीचा दोर दरसाल वाढवावा लागत होता. चार घरं नाकाडोंगरीकडच्या खाणीत कामाला निघून गेली, आणि उरलेल्या दहांपैकी सहा घरांचं बोलणं सुरू होतं. त्यात सगळ्यात पुढे दाऊदकाका होते. दाऊदकाका बाबांचे जिवाभावाचे मित्र, मंडळीतले सगळ्यात वडील. ते गेले असते, तर बाकीचेही त्यांच्यामागे गेले असते, आणि मागे भक्ती चालवणारे पाळकसाहेब, मी आणि कबरस्तान एवढंच उरलं असतं.

आता भिंतीचं सांगते. बाबांना मातीआड करून सहा महिनेही झाले नव्हते, आणि एका सकाळी पाहते तर त्यांच्या कबरीवर गुरं बसलेली. लावलेली फुलझाडं फस्त, मातीचा उंचवटा तुडवलेला. मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. मनाशी ठरवलं की मंदिराच्या आवाराला वरच्या बाजूनं पक्की दगडी भिंत घालायची, बाबांच्या स्मरणार्थ. पवनीकडचे गवंडी बोलावले. डोंगराचाच काळा दगड, कमरेच्या वर उंची, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. मधोमध बाबांच्या नावाचा कोरलेला दगड बसवला. भिंत खरोखर देखणी झाली होती. पाळकसाहेबांनी तिची प्रतिष्ठा केली, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मला वाटलं, आता बाबा निवांत झोपतील.

त्या पावसाळ्यात मंडळीला आणखी एक सुख मिळालं. पूर्वी पाऊस आला की डोंगराचं पाणी मंदिराच्या अंगणातून वाहत जायचं. भक्तीला येताना चपला चिखलात रुतायच्या, बायकांच्या लुगड्यांचे काठ भिजायचे, आणि दरवर्षी कोणीतरी घसरून पडायचंच. बाबा मात्र मृग लागायच्या आधी फावडं घेऊन अंगणातला तो उथळ पाट साफ करत बसायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला स्वच्छतेचं वेड आहे. भिंत झाली आणि अंगण कोरडंठाक राहू लागलं. अंगण कोरडं राहिलं म्हणून आम्ही देवाचे आभार मानले, आणि बोडी कोरडी राहिली म्हणून देवाकडेच गाऱ्हाणं नेलं. चौदा घरांत शिकलेली माणसं कमी नव्हती, मी स्वतः मास्तरीण, पण हे दोन धागे कोणीच जोडले नाहीत.

चौथ्या वर्षी धानाची रोवणी कशीबशी झाली आणि पावसानं पाठ फिरवली. बांध्यांना भेगा पडल्या. पाळकसाहेबांनी साखळी प्रार्थना ठेवली. साखळी प्रार्थना म्हणजे शुक्रवारी सकाळी एकानं गुडघे टेकायचे, तासाभरानं दुसऱ्यानं त्याची जागा घ्यायची, असं रविवारच्या भक्तीपर्यंत मंदिर रिकामं राहू द्यायचं नाही. माझा तास शनिवारी दुपारचा होता. मी गुडघे टेकले, पण बोलले काहीच नाही. तुझं तू बघ, एवढंच मनात आलं. आणि माझाच तास चालू असताना आभाळ काळं झालं आणि पाऊस कोसळू लागला. कौलांवर असा आवाज की शेजारचं बोललेलं ऐकू येऊ नये. लोक घरांतून धावत मंदिरात आले, गाणी सुरू झाली, दाऊदकाका तर लहान पोरासारखे दारात उभे राहून रडत होते. मला लाज वाटली. तासभर पाऊस पडला आणि थांबला.

दुसऱ्या दिवशी भक्ती आटोपून सगळे हौसेनं बोडीवर गेले. बोडीच्या मधोमध एक डबकं होतं. बदकांना पुरेल एवढंही पाणी नव्हतं. असला धो-धो पाऊस होऊनही बोडी रिकामी. पाऊस आला नसता तर आम्ही आणखी प्रार्थना केली असती. पण आला आणि तरीही आमच्या पदरात काही पडलं नाही, याला काय म्हणायचं? दाऊदकाका परत फिरताना हळूच म्हणाले, "त्यानं देलं, पण आपल्यासाठी नाई देलं." पुढच्या रविवारी बैठक घ्यायची आणि गाव सोडण्याचं पक्कं करायचं, असं तिथेच ठरलं. मी घरी येऊन दार लावलं आणि खूप रडले. देव नाही असं मला कधी वाटलं नाही. आपल्याला त्यानं वगळलं आहे असं मात्र वाटलं, आणि ते जास्त वाईट होतं.

बुधवारी सकाळी शाळेत निघण्यापूर्वी बाबांच्या कबरीवर गेले, तर भिंतीपलीकडून कोणीतरी म्हशीला हाका मारत होतं. मी वाकून पाहिलं. धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात काठी असा एक म्हातारा आणि त्याची काळी म्हैस. म्हैस भिंतीला अगदी चिकटून चरत होती. त्या बाजूला एरवी आम्ही कोणी जात नसू, काटेरी झुडपं माजलेली. गुरांचा आणि माझा आधीच उभा दावा, त्यामुळे मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, बाबाजी, मंदिराच्या भिंतीशी जनावरं आणू नका. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, तीन दिवस हरवली होती, लाखनीच्या रस्त्यानं शोधत आलो, इथं सापडली. मग त्यानं काठीनं भिंतीच्या पायथ्याकडे दाखवलं आणि विचारलं, "बाई, हे भीत कोनं बांधली?"

मी अभिमानानं सांगितलं, मी बांधली, बापाच्या नावानं.

त्यानं म्हशीच्या तोंडापुढचं गवत काठीनं हलवून दाखवलं. मग म्हणाला, "सारा डोंगर वाळला, मंग माही म्हैस इथंच काहून आली? इथं हिरवं हाये. पाणी इथं येऊन थांबते, भितीले धडकते आनं तिकडं नाल्यात पळते. पाणी तं तुमच्याकडं येऊनच राह्यलं होतं, बाई. तुमी त्याले दारातून वापस धाडलं."

मी भिंतीच्या टोकाला वळसा घालून काट्यांतून पलीकडे गेले. तो म्हणत होता ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. भिंतीच्या पायाशी ताज्या गाळाचा गुडघाभर ढीग, त्यात अडकलेली पानं आणि काटक्या, आणि तिथून नाल्यापर्यंत पाण्यानं खोदलेला नवा रस्ता. शनिवारचा सगळा पाऊस तिथून गेला होता. आम्ही आत गात होतो आणि तो बाहेरच्या बाहेर निघून जात होता. म्हाताऱ्यानं सांगितलं की तो कोहळी आहे, त्याच्या बापजाद्यांनी तलाव बांधण्यातच जन्म घालवला. आमच्या जिल्ह्यात त्या कामात कोहळ्यांचा हात कोणी धरत नाही. तो म्हणाला, तलाव बांधायच्या आधी आमची माणसं पावसात डोंगरावर उभी राहून पाणी कुठून चालतं ते पाहतात, मगच कुदळ मारतात. बोलताना त्याच्या आवाजात दोष देण्याचा सूर जराही नव्हता. मी पाणी प्यायला बोलावलं, तर विहीर किती खोल गेली आहे हे जणू माहीत असल्यासारखा नको म्हणाला आणि म्हशीला घेऊन उताराला लागला.

आता जे सांगते ते मी त्याला सांगितलं नव्हतं. भिंत बांधताना मुख्य गवंड्यानं मला विचारलं होतं, इथून पाणी वाहत असेल, मोरी सोडू का? मी म्हटलं होतं, मुळीच नको, मोरीतून शेळ्या येतील. तो पुन्हा विचारू लागला तेव्हा मी त्याला जरा जोरातच गप्प केलं होतं. हे दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. तीन वर्षं मी ते विसरले होते, आणि त्या सकाळी ते शब्दन्शब्द आठवलं. चार घरं गाव सोडून गेली होती. बाबांनी फावडं घेऊन जपलेला पाट मी त्यांच्याच नावाच्या दगडानं बंद केला होता.

बुधवार ते शनिवार मी कोणाला काही बोलले नाही. खोटं कशाला सांगू, गुपचूप माणूस लावून एखादं भोक पाडून घ्यावं, असंही मनात येऊन गेलं. म्हणजे भिंतही राहील, अब्रूही राहील. पण भोक एका रात्रीत पडलं तर लोक विचारणारच. आणि दुसरं म्हणजे, नवा पाट खोदायचा, बोडीतला गाळ काढायचा, हे एकट्या मास्तरणीचं काम नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मी पुन्हा मंदिरात गेले आणि बऱ्याच महिन्यांनी देवाशी बोलले. फार लांबलचक नाही. मी म्हटलं, तुला जे हवं ते घे, मी धरून ठेवत नाही. इतकं म्हटल्यावर मला चक्क भूक लागली. चार दिवसांत पोटभर जेवले नव्हते.

रविवारी भक्तीनंतर बैठक बसली. दाऊदकाकांनी जाण्याचा विषय काढायच्या आधीच मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. म्हातारा, म्हैस, गाळाचा ढीग आणि शेवटी गवंड्याचा प्रश्न आणि माझं उत्तर.  सांगून खाली बसले. ज्यांची भावंडं, लेकरं खाणीत गेली होती, ते माझ्याकडे पाहत होते. मी नजर खाली घातली नाही.

दाऊदकाका काठी टेकत उठले. म्हणाले, "पोरी, तुया बापानं कोनाच्या वाटेत काडीबी आडवी ठेवली नसती."

ते मला जे लागलं ते आजही लागतं. मी म्हटलं, हव काका. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि लोकांकडे वळून म्हणाले, "आता बसले कायले? सब्बल आना. मी बी आंगन कोरडं पाहून खुश झालो होतो. मायी बी चूक हाये."

अख्खी मंडळी चांगल्या कपड्यांनिशी सब्बल, म्हणजे लोखंडी पहारी, घेऊन भिंतीवर तुटून पडली. पाळकसाहेबांनी झगा काढून चिंचेला टांगला. पाण्याचा जुना रस्ता शोधत गेलो, तर तो नेमका बाबांच्या नावाच्या दगडाखालून जात होता. सगळे थांबले. कोणीतरी म्हणालं, दगड सोडून बाजूला मोरी करू, पाणी वळवून घेता येईल. मी म्हटलं, पाण्याला वळसा घालायला लावून एकदा पाहिलं आहे, आता नको. पहिली सब्बल मीच मारली. दोन हात रुंद वाट मोकळी झाली. मग त्या दगडाचं काय करायचं, हा प्रश्न आला, तेव्हा मी म्हटलं, तो वाटेच्या तळाशी आडवा बसवा, नाव वर ठेवून. पाणी वाहताना माती खचायला नको. पाळकसाहेब जरा घुटमळले. मी म्हटलं, बाबा जन्मभर या पाटात उभे राहिले, त्यांना काही वाटणार नाही.

अंगणातला बुजलेला पाटही आम्ही पुन्हा खोदला. त्यानंतर पंधरा-वीस दिवस पाऊसच आला नाही. तरी खाणीत जायचं म्हणणारी सहा घरं थांबली. दाऊदकाका म्हणाले, पाट खोदला आहे तर पाहून जाऊ. हस्त नक्षत्रात दोन पाऊस झाले. पहिल्या पावसात आम्ही सगळे त्या म्हाताऱ्यानं सांगितल्याप्रमाणे भिजत उभे राहून पाणी पाहत होतो. लालसर पाणी डोंगरावरून आलं, भिंतीच्या खिंडारातून बाबांच्या नावावरून आत शिरलं, अंगणात चिखल करून बोडीत उतरलं. माझ्या चपला रुतल्या आणि मी घसरून पडले. चार बायका हसत हसत मला उचलायला आल्या. बोडी अर्धी भरली. धान सगळं वाचलं नाही, निम्मं वाचलं. पण विहिरीला महिन्याभरात पाणी वर आलं, आणि कोणी गाव सोडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक नवीनच रीत पडली. बोडीतला वर्षानुवर्षांचा गाळ काढायचा होता. पाळकसाहेब म्हणाले, कापणीच्या सणाला आपण धानाच्या पेंढ्या आणतो, तर मे महिन्यात एका रविवारी प्रत्येक घरानं गाळाची एक-एक टोपली आणून मंदिराच्या पायरीशी ठेवायची. आधी लोक हसले. पण त्या रविवारी दहा टोपल्या ओळीनं लागल्या, त्यांवर प्रार्थना झाली, आणि मग तोच गाळ खत म्हणून बांध्यांत गेला. दुसऱ्या वर्षी खालच्या शेतांतली हिंदू माणसंही टोपल्या घेऊन आली, कारण बोडीचं पाणी पुढे त्यांच्याकडेच जातं. गेलेल्या चार घरांपैकी दोन परत आली. आता मंडळीत लेकराचा बाप्तिस्मा झाला की त्याच्या नावानं डोंगराच्या उतारावर एक झाड लागतं, आणि ते जगवायची जबाबदारी आईबापाची. सगळी जगत नाहीत. शेळ्यांशी माझं वैर अजून संपलेलं नाही.

त्या म्हाताऱ्याला मी खूप शोधलं. अड्याळच्या बाजारात, लाखनीच्या रस्त्यावरच्या दुकानांत, कोहळ्यांच्या गावांत विचारलं. हरवलेली म्हैस शोधत आमच्याकडे आलेला माणूस कोणालाच माहीत नव्हता. मंडळीतल्या काही जणी त्याच्याबद्दल वेगळंच काही मानतात. मी त्यात पडत नाही. मला इतकंच दिसतं की ज्याच्याशी मी बोलणं बंद केलं होतं त्यानं माझ्याशी बोलणं बंद केलं नव्हतं, आणि माझा स्वभाव ओळखून त्यानं निरोप गुरामागे धाडला. आजकाल रेडिओवर जंगलतोडीचं, बिघडलेल्या पावसाचं बरंच ऐकू येतं. इतर गावांच्या मंडळ्या मला विचारतात, आपण काय करावं. मी सांगते, प्रार्थना करा, जरूर करा. पण आधी भर पावसात एकदा आपल्या मंदिराला बाहेरून फेरी मारून या.

बाबांच्या कबरीवर आता अधूनमधून गुरं येऊन बसतात. मी हाकलते, ती पुन्हा येतात. पाऊस थांबला की मी खिंडारापाशी जाते, पाण्यात हात घालून त्या दगडावरची अक्षरं चाचपते. पहिली काही वर्षं नाव बोटांना लागत होतं. यंदा दगड गुळगुळीत लागला. मी तशीच हात घालून बसून राहिले, आणि पाणी बोटांवरून खाली बोडीकडे जात राहिलं. मंदिराच्या दाराला कुलूप नाही, बाबा.